झपाटलेली गाडी लिटरला किती देते?

भुताचा सिनेमा कोणाच्या शेजारी बसून पाहावा याला काही पथ्यं आहेत. झपाटलेल्या वाड्याचा सिनेमा गवंड्याबरोबर पाहिला तरी एक वेळ निभावतं. भिंतीतून रक्त पाझरताना दिसलं तर गवंडी फार तर ‘वरच्या बाथरूमचं लीकेज असणार’ एवढं म्हणतो आणि गप्प बसतो. झपाटलेल्या गाडीचा सिनेमा मात्र मेकॅनिकबरोबर पाहू नये. सैतान शिरला म्हणून क्लच प्लेट झिजायची थांबत नाही, यावर ज्याची श्रद्धा आहे अशा माणसापुढे हॉलिवूडचा कुठलाही सैतान फार वेळ टिकत नाही.

प्रस्तुत लेखकाला हे पथ्य पाळता आलं नाही. एका अंकासाठी त्याला जीवघेण्या गाड्यांच्या सिनेमांवर लिहायचं होतं आणि नेमके त्याच दिवसांत त्याचे दाजी मुक्कामाला आले. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, एस.टी.च्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांना विश्रांती सांगितली होती. तोंडाला सांगायचं राहून गेलं. लेखकाचं स्वतःचं वाहनज्ञान पेट्रोल टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे इथवरच जातं, आणि तेही त्याला पंपावर गाडी उलट्या बाजूने लावल्यावर आठवतं. त्यामुळे कोचावर एका टोकाला निखळ अज्ञान आणि दुसऱ्या टोकाला निखळ अनुभव, मध्ये शेंगांची परात, असा हा महोत्सव सुरू झाला.

सुरुवात अर्थातच ‘ड्युएल’ने. 1971 साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीसाठी काढलेला हा टीव्हीपट, आणि दिग्दर्शक चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग. कथा रिचर्ड मॅथेसन यांची. 22 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, मॅथेसन मित्राबरोबर गोल्फ खेळून परतत असताना एक ट्रक त्यांच्या गाडीच्या मागे हात धुऊन लागला होता. अख्खा देश सुन्न होता. मॅथेसनही सुन्न होते, पण लेखकाची जात. सुन्न असतानाही डोक्यात कथानक सुरूच.

सिनेमात डेव्हिड मान नावाचा सेल्समन लाल प्लिमथ व्हॅलियंट घेऊन कॅलिफोर्नियाच्या उजाड रस्त्याने निघालेला आहे. पुढे एक कळकट टँकर रखडत चाललाय. मान त्याला ओव्हरटेक करतो. टँकर मानला ओव्हरटेक करतो आणि पुन्हा रखडतो. झालं एवढंच, पण पुढचा सगळा सिनेमा त्यावर चालतो. टँकरचा ड्रायव्हर शेवटपर्यंत दिसत नाही, दिसतो तो त्याचा हात आणि बूट. एकदा तो हात खिडकीतून बाहेर काढून ‘जा पुढे’ अशी खूण करतो, मान विश्वासाने बाहेर घेतो आणि समोरून गाडी येते. इथे जगभरच्या प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो.

दाजींनी शेंग फोडली. “मग? ह्यात भुताचं काय आहे?”

“दाजी, तो त्याला मारायला बघतोय!”

“मेव्हणे, आंबा घाटात हे रोजचं आहे. त्याला कुणी सिनेमा म्हणत नाही.”

मग तो पंपाचा प्रसंग आला. पंपावरचा माणूस बोनेट उघडून मानला सांगतो की रेडिएटरचा होज पाईप बदलायला झालाय. मान म्हणजे मुरलेला गिऱ्हाईक. त्याला वाटतं, हा नवा पाईप गळ्यात मारतोय. ‘नंतर बघू’ म्हणून तो निघतो. दाजी, जे आतापर्यंत लोळून होते, ते एकदम ताठ बसले.

“गेला,” ते म्हणाले.

यापुढे त्यांनी टँकरकडे पाहिलंच नाही. कॅफेत मान बुटांवरून खुनी ड्रायव्हर ओळखायला जातो, सँडविच खात बसलेल्या भलत्याच माणसाला जाब विचारतो आणि मार खातो. दाजींची नजर काचेबाहेरच्या लाल गाडीवर. सापांचं प्रदर्शन मांडलेल्या एका पंपावर टँकर टेलिफोनचं खोपटं उडवून देतो, पेट्या फुटून साप सैरावैरा सुटतात, मान थोडक्यात वाचतो. “पंपावर होता ना आत्ता?” दाजी कळवळले. “बदलला का पाईप?” अखेर चढावर तो पाईप फुटला, बोनेटमधून वाफेचे लोट उठले, गाडी धापा टाकू लागली, मागून मृत्यू आला, आणि आमच्या कोचावर टाळी वाजली.

ताईचा प्रश्न वेगळा होता. “हा परत घरी का जात नाही?” याचं उत्तर सिनेमातच आहे. मान वाटेत बायकोला फोन करतो. आदल्या रात्री पार्टीत कुणीतरी तिच्याशी वाह्यातपणा केला आणि हा गप्प राहिला, त्याची माफी मागायची असते. माफी धड मिळत नाहीच, वर संध्याकाळी मानची आई येणार आहे, वेळेवर घरी ये, अशी तंबी मिळते. पुढे टँकर आणि मागे हे. मानने टँकर पत्करला यात ताईलाही पुढे नवल वाटलं नाही.

हा टँकर निवडताना स्पीलबर्गने अनेक ट्रक ओळीने उभे करून पाहिले आणि जुना पीटरबिल्ट पसंत केला, कारण लांब नाकाडाच्या त्या ट्रकला चेहरा होता. मग त्या चेहऱ्यावर तेल, चिखल, मेलेले किडे असा मेकअप केला. पुढच्या बंपरवर निरनिराळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा लावल्या, आधीच्या शिकारींची खूण म्हणून. दाजींना त्यात एकच गोष्ट दिसली: या गाडीचं पासिंग केलं कुणी? टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘ज्वालाग्राही’ लिहिलेलं असूनही शेवटी दरीत कोसळताना टँकर भडकत नाही. वाहिनीच्या लोकांना स्फोट हवा होता, स्पीलबर्गने दिला नाही. दाजींना मात्र दिग्दर्शकाच्या बाणेदारपणाचं कौतुक नव्हतं. “टँकर रिकामा होता,” त्यांनी निकाल दिला. “भरलेला टँकर चढावर असा पळतोय होय! खाली गाडी मिळाली की ड्रायव्हरच्या अंगात येतं, त्याला सैतान कशाला लागतो?” पन्नासहून अधिक वर्षं समीक्षक या ट्रकमध्ये पुरुषी अहंकारापासून नियतीपर्यंत काय काय शोधत आले. तो रिकामा असेल, ही शक्यता प्रस्तुत लेखकाच्या तरी वाचनात आलेली नाही.

सगळ्यांत कहर म्हणजे स्कूल बसचा प्रसंग. मूळ 74 मिनिटांचा टीव्हीपट युरोपातल्या थिएटरांसाठी 90 मिनिटांचा करताना जे प्रसंग वाढवले त्यातला हा एक. बंद पडलेल्या बसला मान धक्का देऊ पाहतो, त्याचाच बंपर बसखाली अडकतो, पोरं काचेतून वेडावतात. तेवढ्यात टँकर येतो. मान जीव घेऊन पळतो आणि मागे वळून पाहतो तर टँकर त्या बसला अगदी अलगद धक्का मारून रस्त्याला लावतोय! “बघा,” दाजी गहिवरले, “माणूस चांगला आहे. ह्यानंच काहीतरी खोडी काढलेली असणार.”

पुढे स्टुडिओने ‘ड्युएल’मधले शॉट 1978 साली ‘हल्क’च्या टीव्ही मालिकेतल्या एका भागात परत वापरले. तोच टँकर, तीच लाल गाडी, कथा वेगळी. दाजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, “बंद गाडीचे पार्ट चालू गाडीला. बरोबर आहे.”

‘किलडोझर’बद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. थिओडोर स्टर्जनच्या 1944 सालच्या कथेवरून एबीसीनेच 1974 मध्ये काढलेला हा टीव्हीपट. एका बेटावर उल्का पडलेली असते, तिच्यातली निळी शक्ती कॅटरपिलरच्या डी-नाईन बुलडोझरमध्ये शिरते आणि तो कामगारांना चिरडायला निघतो. आता बुलडोझरचा वेग तो किती! पोट सुटलेला इसमही चप्पल शोधून, पायात घालून त्याच्यापुढून निघून जाईल. त्यामुळे इथे मरण्यासाठी माणसांना जातीने सहकार्य करावं लागतं आणि ते ती करतात. ताईने या सिनेमात सबंध भाजी निवडली आणि तिचं काहीही चुकलं नाही.

‘द कार’ (1977) हा त्यामानाने घरंदाज सैतान. काळी लिंकन, हॉलिवूडला चित्रविचित्र मोटारी बनवून देणाऱ्या जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यातून घडवून घेतलेली. ती येण्याआधी वारा सुटतो, आणि माणूस चिरडून झाला की ती हॉर्न वाजवते. ‘सैतानाचं चर्च’ स्थापन करणारे अँटन लाव्हे यांचं नाव तांत्रिक सल्लागार म्हणून श्रेयनामावलीत आहे. सैतानाचा तांत्रिक सल्लागार नेमकं काय करतो, बाटलीबंद ऑईल वापरू नका असं सांगतो की काय, कळायला मार्ग नाही. या गाडीला दारांना मुठीच नाहीत. तिथला पोलीस अधिकारी जेम्स ब्रोलिन हे पाहून गारठतो. दाजींनी विचारलं, “मग इन्शुरन्सवाला इन्स्पेक्शन कसं करतो?”

या गाडीचं एक पथ्य आहे, ती कबरस्तानात शिरू शकत नाही. शाळेची बाई पोरांना घेऊन नेमकी तिथे आसरा घेते. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. कुंपणाच्या आत उभं राहून ती गाडीला उद्देशून वाट्टेल ते बोलते, भित्री म्हणते, चिडवते. गाडी खांबाला धडका देत धुसफुसते आणि निघून जाते. ताईने सुरी खाली ठेवली. “आता ही घरी गेल्यावर गाडी येणार.” आणि तसंच झालं. गाडी काळोखातून उडी मारून बाईच्या घराच्या या खिडकीतून शिरली आणि त्या बाजूने बाहेर पडली. सोसायटीच्या पार्किंगवरून सुरू झालेली भांडणं कुठवर जातात याचा ताईला दांडगा अनुभव आहे.

‘क्रिस्टीन’ला मात्र घरात मान मिळाला. स्टीफन किंगची कादंबरी 1983 सालची आणि जॉन कार्पेंटरचा सिनेमाही त्याच वर्षीचा, म्हणजे पुस्तकाची शाई वाळायच्या आत गाडी पडद्यावर. नायिका 1958 ची प्लिमथ फ्युरी, लाल-पांढरी. त्या वर्षी फ्युरी कारखान्यातून एकाच फिकट बदामी रंगात निघायची, त्यामुळे लाल फ्युरी पाहून जाणकारांनी डोकं धरलं. चित्रीकरणासाठी फ्युरीच्या स्वस्तातल्या बहिणी, बेल्व्हेडेअर आणि सॅव्हॉय, गोळा करून रंगवल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच चेचल्या. सिनेमा सुरू होतो तो डेट्रॉइटच्या कारखान्यात. क्रिस्टीन अजून रस्त्यावर आलेलीही नाही, तोच बोनेटखाली हात घालणाऱ्याची बोटं चेचते आणि नव्या सीटवर सिगारची राख झाडणाऱ्याला ठार करते. लेखकाला हे अमानुष वाटलं. दाजींनी मान डोलावली. त्यांच्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि मागच्या सीटवर बसून भेळ खाल्ल्याबद्दल लेखकाने एकदा त्यांची जी नजर झेलली होती तिच्यात क्रिस्टीनचे हेडलाईट होते.

आर्नी नावाचा एक बुजरा पोरगा भंगारात पडलेली ही गाडी विकत घेतो, दुरुस्त करतो आणि हळूहळू तिचाच होऊन जातो. चष्मा जातो, आवाज चढतो, आईबापांना उलट बोलतो. त्याची मैत्रीण गाडीत बसून खात असते तर घास घशात अडकून ती मरता मरता वाचते. गाडीला सवत नको आहे. “हे बाकी खरंय,” ताई दाजींकडे न पाहता म्हणाली. दाजींनी आवाज वाढवला. म्हणजे टीव्हीचा.

आणि मग तो सुप्रसिद्ध प्रसंग. गुंडांनी चेंदामेंदा केलेली क्रिस्टीन गॅरेजमध्ये उभी आहे, आर्नी तिच्याकडे पाहतो आणि ती स्वतःला दुरुस्त करते. चेपलेलं बोनेट फुगतं, दुमडलेला बंपर सरळ होतो, पत्रा कण्हत कण्हत जागेवर येतो. कॉम्प्युटरच्या करामतींआधीचा हा काळ. त्यांनी गाडीच्या आत हायड्रॉलिक पंप बसवून पत्रा आत ओढून घेतला आणि ती फिल्म उलटी चालवली. तोडणं चित्रित केलं, दुरुस्ती आपोआप झाली. दाजी पडद्याच्या जवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते भय नव्हतं. “पुटी नाही, प्रायमर नाही,” ते पुटपुटले. “आणि रंगाची शेड मॅच!” त्यांनी तो प्रसंग परत लावायला सांगितला. नंतर पुन्हा.

सिनेमाच्या शेवटी क्रिस्टीनला बुलडोझर चिरडतो, म्हणजे ‘किलडोझर’च्या भाऊबंदांची अब्रू इथे थोडी भरून निघते. मूळ कादंबरीत मात्र हे काम सेप्टिक टँक उपसणारा एक गुलाबी टँकर करतो आणि त्याचं नाव पेटुनिया. या बदलाबद्दल प्रस्तुत लेखकाने कार्पेंटरला क्षमा केलेली नाही. अजरामर सैतानी शक्तीचा अंत मैला वाहणाऱ्या गुलाबी टँकरच्या हातून व्हावा, इतकी उच्च कल्पना किंगला सुचते आणि दिग्दर्शक ती सोडून देतो!

मध्येच एक रविवार आला आणि साताऱ्याला एका साखरपुड्याला जायचं निघालं. दाजी स्वतः चक्रधर. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एका ट्रकने त्यांना कट मारून ओव्हरटेक केलं. पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ झळकत होतं. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ट्रकवर ते लिहायला बंदी घातली, हे ट्रकच्या कानावर गेलेलं नसावं. “बघतो आता ह्याच्याकडे,” दाजी म्हणाले आणि गियर टाकला. डेव्हिड मानही याच सुरात बोलतो, फक्त इंग्रजीत. दोन वळणं चुरस झाली. दाजींनी ट्रकला मागे टाकलं, खिडकीतून हातही केला. तिसऱ्या वळणावर बोनेटमधून वाफ आली.

होज पाईप.

गाडीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. ताईने पर्समधून बडीशेप काढून सगळ्यांना दिली. मागून तो ट्रक आला, थांबला, क्लीनर पाण्याचं कॅन घेऊन उतरला आणि ड्रायव्हरने सायकल ट्यूबचा तुकडा कापून पाईपवर असा काही आवळला की साताऱ्यापर्यंत काळजी नको. दाजींनी आभार मानले नाहीत. ते ट्रकच्या पुढे जाऊन इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, “फॅन बेल्ट ढिला आहे तुझा.” दोघं रस्त्याच्या कडेला असे रंगले की मुहूर्ताच्या चिंतेने लेखकालाच हॉर्न वाजवावा लागला.

राहता राहिला ‘मॅक्सिमम ओव्हरड्राइव्ह’ (1986), स्टीफन किंगने स्वतः दिग्दर्शित केलेला एकमेव सिनेमा. पृथ्वी एका धूमकेतूच्या शेपटीत सापडते आणि यंत्रं माणसांवर उलटतात. एटीएम खुद्द किंगलाच शिवी देतं, शीतपेयाचं मशीन डबे फेकून क्रिकेटच्या नव्हे, बेसबॉलच्या कोचला आडवा करतं, आणि नाकावर हिरव्या राक्षसाचा मुखवटा लावलेला ट्रक बाकीच्या ट्रकांना घेऊन एका ढाब्यासारख्या ट्रक-स्टॉपला वेढा घालतो. काही मोटारी मात्र शहाण्यासारख्या चालत राहतात; त्यांना धूमकेतू का बाधला नाही, हे विचारायचं नसतं. समीक्षकांनी सिनेमाची सालटी काढली. सर्वांत वाईट दिग्दर्शकाच्या रॅझी पुरस्कारासाठी किंगचं नामांकन झालं आणि तोही मिळाला नाही, गायक प्रिन्सने पळवला. तेव्हा आपण व्यसनात बुडालेलो होतो, काय करतोय याचं भान नव्हतं, असं किंगनेच नंतर सांगितलं.

पण याच सिनेमात तो प्रसंग आहे ज्याची दाजी पहिल्या दिवसापासून वाट पाहत होते. वेढा घालून गरागरा फिरणारे ट्रक एकेक करून थांबतात. त्यांचं डिझेल संपलेलं असतं! एक लष्करी गाडी हॉर्नच्या मोर्स लिपीत माणसांना हुकूम सोडते: तेल भरा. मग रांग लागते, मैलभर, आणि जिवंत राहिलेली माणसं नळी हातात धरून टाक्या भरत बसतात, हात सोलून निघेपर्यंत.

दाजी उठून उभे राहिले. “ह्याला म्हणतात अभ्यास! ती काळी गाडी वाळवंटात एवढी बोंबलत फिरली, एकदा तरी पंपावर गेली? तुमच्या त्या लाल बाईला काय पाण्यावर चालवत होते? हा एकच माणूस निघाला ज्याला गाडी म्हणजे काय ते कळतं.” जगाने ओवाळून टाकलेल्या सिनेमाला असा रसिक पुण्यात लाभल्याचं कुणीतरी किंगला कळवायला हवं.

आपल्याकडचा नमुना म्हणून ‘टारझन: द वंडर कार’ (2004) दाखवला. अब्बास-मस्तान यांचं दिग्दर्शन, गाडी दिलीप छाब्रिया यांनी टोयोटाच्या एमआर-टू वरून घडवलेली. अजय देवगणला खलनायक गाडीसकट पाण्यात बुडवतात. पुढे त्याचा मुलगा तीच गाडी भंगारातून उचलून नव्याने बांधतो आणि बापाचा आत्मा तिच्यात बसून एकेकाचा सूड घेतो. क्रिस्टीनची कथा उचलली म्हणावं तर एक मोठाच फरक आहे. क्रिस्टीन मत्सरी प्रेयसी आहे, टारझन कुटुंबवत्सल आहे. सैतान, धूमकेतू, उल्का यांच्यावर आपला भरवसा नाही; गाडीत शिरायचं तर घरच्याच माणसाने. ताईला हा फार आवडला, डोळेही पुसले. दाजींचा आक्षेप एवढाच की गाडी सतत आपली आपण चालते. “बाप मेला तरी स्टिअरिंग पोराच्या हातात देत नाही,” ते म्हणाले. त्यांचा मुलगा, वय वर्षं चौतीस, शेजारीच बसला होता. त्याने शेंगांच्या टरफलात बोटं फिरवत नुसतं “हं” केलं.

क्वेंतँ द्युप्यू या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘रबर’ (2010) शेवटी लावला तो भीत भीतच, कारण त्यात गाडीच नाही, नुसता टायर आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मातीतून एक टायर उठतो, धडपडत उभा राहतो, गडगडत निघतो. वाटेत प्लास्टिकची बाटली येते, ती चेपतो. विंचू येतो, तोही चिरडतो. मग काचेची बाटली येते. टायर तिच्यावर चढून पाहतो, ती चेपत नाही. तो मागे सरतो, थांबतो, थरथरायला लागतो आणि लांबूनच, नुसत्या मनाच्या जोराने, बाटलीच्या ठिकऱ्या उडवतो. पुढे माणसांची डोकीही याच पद्धतीने.

लेखकाने आवंढा गिळून दाजींकडे पाहिलं. आता काय निघणार? ट्रेडची खोली? हवेचं प्रेशर? दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

“पुन्हा काचेवर चढला नाही,” अखेर ते म्हणाले. “मेव्हणे, इतके सिनेमे दाखवलेत, त्यात अक्कल असलेला हा पहिलाच.” आणि त्यांनी ताईला चहा टाकायला सांगितला.